पूल आणि बांधकामांतले लपलेले दोष: तपासणीबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लपलेला दोष म्हणजे नक्की काय?

जो अजून पृष्ठभागावर आलेला नाही तो. किंवा आला आहे, पण तिथवर कुणाची नजर पोहोचत नाही, तो. काँक्रीटमधली पोकळी, सळईवर चढत असलेला गंज, वरच्या थराखाली आडवी सुटलेली फट, वेल्डच्या पोटातली भेग, ग्राउट, म्हणजे सिमेंटचं पातळ मिश्रण, न पोहोचलेली ताणलेल्या केबलची नळी हे पहिल्या जातीचे दोष. बेअरिंगची, म्हणजे खांबावर तुळई टेकते त्या बैठकीची, मागची बाजू, पेटीसारख्या बंद गर्डरचा (तुळईचा) आतला भाग आणि पाण्याखालचा पाया इथे दुसऱ्या जातीचे दोष असतात. या दुसऱ्या जातीला बऱ्याचदा कुठलंही यंत्र लागत नाही. शिडी, टॉर्च आणि अंग आखडून आत शिरायची तयारी पुरते. तरीही हेच दोष जास्त सुटतात.

अनुभवी इंजिनिअरने नीट डोळ्यांनी पाहिलं तर पुरत नाही का?

सुरुवात तिथूनच होते, पण तेवढ्याने भागत नाही. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाने 2001 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 49 तपासनीसांना तेच पूल तपासायला दिले होते. 0 ते 9 गुणांच्या मोजपट्टीवर पुलाच्या एकाच भागाला सरासरी चार ते पाच वेगवेगळे गुण पडले. वेल्डमधल्या बारीक भेगा तर बहुतेकांच्या नजरेतून निसटल्या. ही माणसं कामचुकार नव्हती. प्रकाश, अंतर, थकवा, उंचीची भीती आणि 'इथे काय असणार' ही सवय, या सगळ्याचा तो परिणाम.

अमेरिकेत मेम्फिसला मिसिसिपी नदीवर असलेल्या आय-40 महामार्गाच्या पुलावर 11 मे 2021 रोजी मुख्य पोलादी तुळईला मोठी भेग सापडली आणि पूल तातडीने बंद झाला. मग जुनं साहित्य चाळलं, तर 2019 च्या ड्रोनच्या चित्रीकरणातही ती भेग दिसत होती. कॅमेऱ्याने टिपली होती, माणसाच्या लक्षात आली नव्हती. त्यामुळे फोटो किती काढले यापेक्षा ते कुणी आणि किती निवांतपणे पाहिले, हे मी आधी विचारतो.

काँक्रीटच्या आतली सळई गंजतेच कशी? आणि बाहेर कळायला इतकी वर्षं का लागतात?

चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं. त्याचा पीएच साधारण 12.5 ते 13 असतो. अशा वातावरणात पोलादावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर बसतो आणि तो गंज रोखून धरतो. हा थर मोडणारे शत्रू मुख्यतः दोन. पहिला हवेतला कार्बन डायऑक्साइड. तो हळूहळू आत मुरतो आणि पीएच 9 च्या खाली आणतो. दुसरा क्लोराइड, म्हणजे खारी हवा, समुद्राचं पाणी किंवा बर्फ वितळवायला टाकलेलं मीठ.

कार्बन डायऑक्साइडच्या या मुरण्याला कार्बोनेशन म्हणतात. त्याची खोली साधारण काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. याचा अर्थ बांधताना फार कमी लोक लक्षात घेतात: सळईवरचं कव्हर, म्हणजे तिला झाकणारा काँक्रीटचा थर, निम्मं पडलं, तर संरक्षणाचा काळ निम्मा होत नाही, चौथाई होतो. 40 मिलिमीटरच्या जागी 20 ठेवणाऱ्याने 20 मिलिमीटर काँक्रीट वाचवलं आणि तीनचतुर्थांश आयुष्य घालवलं.

गंज मूळ पोलादापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. तो आतून दाब देतो, मग सळईच्या रेषेत भेग पडते आणि शेवटी कव्हर गळून पडतं. हा सगळा खेळ दिसेपर्यंत बरीच वर्षं गेलेली असतात. क्लोराइडचं दुखणं त्याहून वाईट. तिथे गंज सळईवर सारखा पसरत नाही, एकेका जागी खड्डे पडतात. वरून फारसं फुगत नाही, डागही उठत नाही आणि आत सळईचा छेद मात्र निम्मा उरलेला असतो.

कार्बोनेशन कुठवर पोहोचलं हे पाहायची चाचणी अगदी साधी आहे. काँक्रीटचा ताजा तुटलेला भाग घेऊन त्यावर फिनॉल्फ्थॅलीन, म्हणजे अल्कधर्मी जागी गुलाबी होणारं द्रावण, फवारायचं. गुलाबी झाला तिथवर काँक्रीट शाबूत, रंग चढला नाही तिथवर संरक्षण गेलेलं.

इतकी यंत्रं असताना हातोडीने ठोकून पाहणं अजून का चालतं?

कारण ते चालतं! सलग काँक्रीट खणखणीत वाजतं. आत फट सुटली असेल तर आवाज बद्द येतो, आणि एकदा कानाला ओळख पटली की फरक विसरता येत नाही. पुलाच्या माथ्यावर मोठं क्षेत्रफळ तपासायचं असेल तर जड साखळ्या ओढत नेतात. जिथे आवाज बदलतो तिथे खडूने रेघ मारायची. संध्याकाळपर्यंत स्लॅबवर सुटलेल्या भागांचा नकाशा तयार होतो. पोलादी पुलावर रिव्हेटच्या एका बाजूला बोट ठेवून दुसऱ्या बाजूने हलकी हातोडी मारली की सैल रिव्हेट बोटाला कळतो.

मर्यादा आहेतच. खोलवरची फट अशी वाजत नाही, शेजारून वाहतूक चालू असली की कान फसतो, आणि दोन तासांनंतर सगळंच सारखं ऐकू येऊ लागतं. तेव्हा थांबावं.

रिबाउंड हॅमरचे आकडे चांगले आले. म्हणजे बांधकाम मजबूत आहे ना?

नाही. या चाचणीवर जितका भरवसा ठेवला जातो, तितका ठेवण्यासारखी ती नाही. स्वित्झर्लंडच्या अर्न्स्ट श्मिट यांचं हे उपकरण पृष्ठभागाचा कठीणपणा मोजतं, तोही वरच्या काही सेंटिमीटरचा. कार्बोनेशनने काँक्रीटचा वरचा थर आणखी कठीण होतो. त्यामुळे जुन्या, आजारी काँक्रीटवर आकडा उलट चांगला येऊ शकतो. पृष्ठभाग ओला असेल तर आकडा घसरतो. खडी, कोन, पृष्ठभागाचा खडबडीतपणा, सगळ्याचा परिणाम होतो. त्यावरून काढलेल्या ताकदीच्या अंदाजात 25 टक्क्यांपर्यंत चूक धरून चालावं.

मग उपयोग काय? तुलना. दहा खांबांपैकी दोन वेगळे वाजले तर त्या दोघांचा गाभा काढायचा, म्हणजे कोअर घ्यायचा. हॅमरने जागा निवडायची, निकाल कोअरने द्यायचा. ज्या अहवालात फक्त रिबाउंडचे आकडे आहेत आणि त्यावरून 'बांधकाम सुरक्षित' असं लिहिलं आहे, तो परत पाठवावा.

अल्ट्रासॉनिक चाचणीत काय मोजतात?

एका बाजूने ध्वनिलहरींचा ठोका सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला तो किती वेळाने पोहोचला ते पाहायचं. अंतर भागिले वेळ म्हणजे वेग. सेकंदाला 4.5 किलोमीटरच्या वर वेग असेल तर काँक्रीट उत्तम मानतात, 3 किलोमीटरच्या खाली शंकास्पद. पोकळी किंवा भेग आडवी आली की लहरीला वळसा घालावा लागतो, वेळ जास्त लागतो आणि वेग कमी दिसतो.

दोन गोष्टी फसवतात. लहर सळईला समांतर गेली तर पोलादातून ती जास्त वेगाने धावते आणि काँक्रीट आहे त्याहून चांगलं दिसतं. दुसरं म्हणजे पाणी. हवेने भरलेली भेग लहर अडवते, पाण्याने भरलेली तिला बऱ्यापैकी वाट देते. पावसात घेतलेलं आणि उन्हाळ्यात घेतलेलं वाचन म्हणून शेजारी शेजारी ठेवू नये.

स्लॅबच्या एकाच बाजूला हात पोहोचतो. तिथे काय करायचं?

इम्पॅक्ट एको. छोट्या पोलादी गोळीने टकटक करायची आणि शेजारच्या सेन्सरने आत-बाहेर उसळणाऱ्या लहरीची वारंवारिता पकडायची. हिशेब तोंडी करता येतो: लहरीचा वेग भागिले जाडीची दुप्पट. वेग सेकंदाला 4000 मीटर आणि जाडी 20 सेंटिमीटर असेल तर साधारण 10 हजार हर्ट्झ. त्याच स्लॅबवर एखाद्या जागी 20 हजारांच्या आसपास उत्तर आलं, तर लहर 10 सेंटिमीटरवरूनच परत फिरली. म्हणजे तिथे फट आहे. फट अगदीच वर असेल तर तो पापुद्रा ढोलासारखा थरथरतो आणि उत्तर उलट खूप खालचं येतं. हातोडीचा बद्द आवाज म्हणजे हाच. कान जे ओळखत होता, ते यंत्राने आकड्यात मांडलं.

रडारने काँक्रीटच्या आतलं सगळं दिसतं का?

विक्रेत्याच्या पडद्यावर दिसतं. प्रत्यक्षात जमिनीत शिरणाऱ्या रडारला, म्हणजे जीपीआरला, सळया छान दिसतात. त्या कुठे आहेत, किती खोल, किती अंतरावर हे तो सांगतो. गंज मात्र तो थेट दाखवत नाही आणि केसासारखी भेग त्याला दिसत नाही. धातूवरून त्याच्या लहरी पूर्ण परत फिरतात. त्यामुळे दाट जाळीखाली काय आहे ते कळत नाही आणि पोलादी नळीत ग्राउट भरला आहे की पोकळी आहे, हेही नाही. प्लॅस्टिकच्या नळीत थोडी आशा असते. ओल्या, क्षारयुक्त काँक्रीटमध्ये लहर विझत जाते. पण त्या विझण्याचाही उपयोग होतो: जिथे सिग्नल सतत मंद येतो तिथे ओल आणि क्लोराइड शोधावेत.

एक ठाम सल्ला: कोअर काढण्याआधी किंवा भोक पाडण्याआधी रडार फिरवाच. तपासणीच्या नावाखाली ताणलेली केबल कापली जाणं यासारखी दुसरी नामुष्की नाही.

थर्मल कॅमेरा आणि ड्रोन?

थर्मल कॅमेऱ्याला वेळ साधावी लागते. ऊन चढताना सुटलेला पापुद्रा भोवतालच्या काँक्रीटपेक्षा लवकर तापतो आणि रात्री लवकर थंड होतो. मधल्या वेळेत दोन्ही सारखे दिसतात. ढगाळ दिवशी कॅमेरा पेटीतच ठेवावा. ड्रोन उंच खांबाजवळ डोळा नेतो, पण त्याला ठोकता येत नाही, खरवडता येत नाही, रंगाखाली बघता येत नाही.

न फोडता कळेल का, की आत गंज सध्या चालू आहे?

बऱ्याच अंशी. हाफ-सेल चाचणीत तांबं आणि कॉपर सल्फेटचं एक इलेक्ट्रोड काँक्रीटच्या पृष्ठभागावर टेकवतात, मीटरचं दुसरं टोक सळईला जोडतात आणि विभव, म्हणजे व्होल्टेज, वाचतात. वाचन उणे 350 मिलिव्होल्टपेक्षा अधिक ऋण असेल तर तिथे गंज चालू असण्याची शक्यता 90 टक्क्यांच्या वर धरतात. उणे 200 पेक्षा कमी ऋण असेल तर गंज नसण्याची तेवढीच. मधलं सगळं अनिश्चित. सळईला तार जोडायला एका जागी तरी काँक्रीट फोडावं लागतंच, म्हणून 'न फोडता' हे अर्धसत्य. आणि किती पोलाद खाल्लं गेलं, हे या आकड्यातून कळत नाही. त्यासाठी नकाशावरच्या सगळ्यांत वाईट ठिकाणी सळई उघडी करून जाडी मोजायचा कॅलिपर लावायचा.

पूर्वताणित पुलांची एवढी भीती का?

कारण ते कुरकुरत नाहीत. साध्या प्रबलित, म्हणजे नुसत्या सळया घातलेल्या, काँक्रीटची तुळई आधी भेगाळते, वाकते, माणसाला वेळ देते. पूर्वताणित तुळईतल्या तारा पुलावर एकही गाडी नसतानाही मोठ्या ताणाखाली असतात. तो ताण काँक्रीट दाबून धरतो, त्यामुळे एकामागून एक तारा तुटत असताना बाहेर भेग दिसत नाही. उरलेल्या तारांना भार पेलवेनासा झाला की खेळ एकदम संपतो.

वेल्समधला इनिस-इ-ग्वास पूल 1953 मध्ये काँक्रीटचे तुकडे केबलींनी जोडून बांधलेला. 1985 मध्ये तो कुठलीही पूर्वसूचना न देता कोसळला. तुकड्यांच्या सांध्यांतून पाणी आणि मीठ केबलपर्यंत गेलं होतं. पुढे 1992 मध्ये ब्रिटनने ग्राउट भरलेल्या केबलींच्या नव्या पुलांवर बंदीच घातली. ती काही प्रमाणात उठवायला 1996 उजाडलं. ड्रेस्डेनचा कारोला पूल 11 सप्टेंबर 2024 च्या पहाटे, सुदैवाने कुणी वर नसताना, एल्बे नदीत पडला. तिथे ताणलेल्या पोलादात हायड्रोजनमुळे भेगा वाढत गेल्या होत्या आणि त्याचं मूळ बांधकामाच्या काळापर्यंत मागे जात होतं. इटलीत जेनोआच्या मोरांडी पुलाला वरून धरणारे तिरपे पोलादी ताण तर काँक्रीटच्या आवरणातच गुंडाळलेले होते. संरक्षणासाठी घातलेल्या त्या कवचाने आतलं पोलाद डोळ्यांआड केलं. 14 ऑगस्ट 2018 रोजी तो पूल कोसळून 43 जण गेले.

मग अशा पुलाचं काय करायचं? आधी जुनी रेखाचित्रं मिळवायची आणि केबलचा मार्ग कागदावर काढायचा. ग्राउट नीट न भरण्याच्या जागा ठरलेल्या असतात: केबल जिथे सर्वांत उंच जाते तो बिंदू, टोकाचे अँकर आणि तुकड्यांचे सांधे. तिथेच काळजीपूर्वक छोटं भोक पाडून एंडोस्कोप, म्हणजे बारीक नळीचा कॅमेरा, आत घालायचा. नळी भरलेली आहे का, ग्राउट घट्ट आहे की खडूसारखा मऊ, पाणी आहे का, तारेवर काय आहे, हे प्रत्यक्ष बघायचं. पुलावर संशय पक्का असेल तर ध्वनी-उत्सर्जन सेन्सर लावतात. तार तुटल्याचा आवाज ते दिवसरात्र टिपतात. जी आधीच तुटली, तिचा आवाज मात्र त्यांना ऐकू येत नाही.

पोलादी पुलात भेग कुठे शोधायची?

जिथे बल वळतं तिथे. वेल्डची टोकं, जादा पट्टी जिथे अचानक संपते ती जागा, छिद्रांच्या कडा, तुळईला दिलेल्या खाचेचे कोपरे, पिना. अखंड सरळ पत्र्यावर तासभर घालवण्यापेक्षा या जागांवर दहा मिनिटं घालवावीत.

ओहायो नदीवरच्या सिल्व्हर ब्रिजने हे फार महाग शिकवलं. 15 डिसेंबर 1967 च्या संध्याकाळी तो पडला आणि 46 जण मेले. कारण होतं एका आयबारच्या (टोकांना भोक असलेल्या पोलादी पट्टीच्या) डोळ्यातली, म्हणजे पिन जाते त्या भोकाच्या कडेची, सुमारे अडीच मिलिमीटर खोलीची भेग. ती अशा जागी होती की सांधा खोलल्याशिवाय कुणालाही दिसली नसती. पूल ज्या साखळ्यांवर लटकत होता त्यांच्या प्रत्येक कडीत दोनच आयबार होते. एक गेला, दुसऱ्याला पेलवलं नाही. म्हणून तपासणीआधी मी एक प्रश्न कागदावर लिहून ठेवतो: कोणता भाग तुटला तर सगळं पडेल? त्या भागाच्या हातभर जवळ जाऊनच तपासायचं, दुर्बिणीने नाही.

पद्धतींचं म्हणाल तर पृष्ठभागावर उघडलेल्या भेगेला रंगीत द्रवाची चाचणी पुरते. पोलाद चुंबकीय असल्याने चुंबकीय भुकटीने बारीक भेगही रेघेसारखी उठून दिसते. आतल्या दोषासाठी अल्ट्रासॉनिक. एक्स-रे किंवा गॅमा किरणांनी चित्र सुंदर मिळतं, पण सगळा परिसर रिकामा करावा लागतो आणि किरणांच्या आडवी असलेली पातळ भेग त्यातही हुकते. यांतल्या बहुतेक पद्धतींआधी रंग खरवडावा लागतो आणि नंतर परत लावावा लागतो. तो परत लावायचं राहिलं, तर आपणच नवा गंज पेरून आलो.

पाण्याखाली कोण बघतं?

पाणबुडे, आणि गढूळ पाण्यात ते हाताने चाचपून बघतात. खांबाच्या काँक्रीटपेक्षा त्याच्या पायाखालची माती महत्त्वाची. पुराचं पाणी खांबाभोवती भोवरे करून तळ उकरतं. न्यूयॉर्क राज्यातला स्कोहारी क्रीकवरचा पूल 5 एप्रिल 1987 रोजी असाच गेला, 10 जण दगावले. इथला लबाडपणा असा की पूर ओसरताना खड्डा सैल गाळाने पुन्हा भरतो. नंतर उतरलेल्या पाणबुड्याला तळ सपाट लागतो. म्हणून तळाचं माप दर वेळी त्याच रेषेवर घेऊन जुन्या मापाशी ताडायचं आणि मोठ्या पुरानंतर ठरलेल्या तारखेची वाट न बघता घ्यायचं.

भार चाचणीत पूल पास झाला. आता निर्धास्त?

त्या दिवशी, त्या भाराखाली, पूल अपेक्षेइतकाच वाकला आणि भार काढल्यावर सावरला, एवढंच सिद्ध झालं. वाकणं कडकपणावर ठरतं, आणि थोड्या तारा तुटल्याने कडकपणा फारसा बदलत नाही. थकव्याची, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या भाराने वाढणारी, भेगही एका दिवसाच्या भाराला दाद देत नाही.

सगळी तपासणी वेळेवर होऊनही पूल पडू शकतो?

हो. मिनिआपोलिसचा आय-35डब्ल्यू पूल 1 ऑगस्ट 2007 रोजी पडला, 13 जण मेले. त्याची तपासणी नियमित होत होती. दोष मूळ संकल्पनात होता: काही सांध्यांवरच्या गसेट प्लेट, म्हणजे पोलादी भाग एकत्र जोडणाऱ्या पट्ट्या, हव्या त्याच्या साधारण निम्म्या जाडीच्या होत्या. गंज किंवा भेग शोधणारा माणूस जाडीचा हिशेब पुन्हा मांडत नाही. पण काही वर्षं आधी काढलेल्या फोटोंत त्यांतल्या काही प्लेट किंचित वाकलेल्या दिसतात. वेडंवाकडं दिसलं की 'बांधतानाच तसं असेल' असं म्हणायची जी सवय असते, ती मला गंजापेक्षा धोकादायक वाटते.

तपासणी किती वर्षांनी करावी?

अमेरिकेत सर्वसाधारण 24 महिन्यांनी, पाण्याखालची 60 महिन्यांनी. जर्मनीत मुख्य तपासणी दर 6 वर्षांनी आणि मध्ये, 3 वर्षांनी, साधी. हे आकडे निरोगी पुलाचे. दोष सापडलेल्या पुलाचा कालावधी दोषाच्या वेगावर ठरतो. भेगेच्या टोकाला तारीख लिहून ठेवली की तो वेग पुढच्या भेटीत आपोआप कळतो.

इमारतीत राहणाऱ्या सामान्य माणसाने काय पाहावं?

सळईच्या रेषेत सरळ गेलेली भेग, तपकिरी डाग, फुगलेलं प्लास्टर, तुळई आणि खांब मिळतात तिथली तिरपी भेग, सतत ओली राहणारी जागा. प्लास्टरमधली कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक नक्षी सहसा निरुपद्रवी असते. आणि एक विनंती: इंजिनिअर येण्याआधी गिलावा आणि रंग करू नका. वरून कीर्तन आतून तमाशा अशी गत होते, आणि वर्षानुवर्षं जमलेला पुरावा एका दुपारी पुसला जातो.

अहवाल हातात आला. चांगला की वाईट, कसं ओळखू?

शेवटच्या पानावरचा निष्कर्ष नंतर वाचा. आधी प्रत्येक चाचणीची जागा नकाशावर दाखवली आहे का ते बघा, आणि ती जागा का निवडली याचं एक तरी वाक्य शोधा. 'सोयीस्कर होती म्हणून' हेच कारण दिसत असेल तर आकडे कितीही नीटनेटके असोत, उपयोग नाही. यंत्राने दाखवलेला दोष एखाद्या ठिकाणी तरी उघडून पडताळला आहे का ते पाहा. मग ज्या जागा तपासता आल्या नाहीत त्यांची यादी शोधा: बंद शाफ्ट, भरावाखालचा पाया, कुलूप लावलेली खोली. यादीच नसेल तर इंजिनिअरला फोन करून ती मागा आणि त्या खोलीची किल्ली सोबत घेऊन जा.